वजा वीस

नदीच्या पाण्याचा अंदाज सांगणाऱ्या त्या कार्यालयात काकांचं काम पाणी मोजायचं, आणि त्यांच्या बायकोचं काम आकड्यांचं. प्रोग्रॅम तिनेच लिहिला होता. वरच्या पुलाच्या खांबावरची पट्टी काका वाचत, आणि खालच्या वस्तीत पाणी किती चढेल ते तिचा प्रोग्रॅम सांगे. बावीस वर्षं संसार असाच चालला. ती जाऊन आता दहा महिने झाले होते.

तिच्या खुर्चीवर आलेली मुलगी चूक दिसली की खोडायची, म्हणून तिला सगळे खोडरबर म्हणत. आल्या आल्या तिने दोन नियम लावले. प्रत्येक बदलाचं कारण लिहायचं, आणि दुसऱ्याने वाचल्याशिवाय बदल आत घ्यायचा नाही. शिवाय रोज सकाळी प्रोग्रॅमला जुने आकडे देऊन त्याचं उत्तर खऱ्या पाण्याशी ताडून बघायचं.

"सासूने सुनेची भाजी चाखावी तसं चाललंय तुझं," साहेब म्हणाले. "काय, मीठ कमी निघालं का?"

"पाणी कमी निघालं, साहेब. मागच्या अकरा महिन्यांत प्रत्येक वेळी बरोबर वीस सेंटिमीटर. त्याआधी मात्र सगळं चोख."

तिने पडदा काकांकडे वळवला. एका ओळीत पट्टीच्या आकड्यातून वीस वजा केले होते. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"काका, हे कशासाठी?"

"तिने घातलंय म्हणजे कारण असणार. हात लावू नकोस."

"कारण मलाही हवंय हो. पण यंदा पाणी चढलं तर आपण उंबऱ्याखाली सांगू आणि ते चुलीपर्यंत जाईल."

"एवढा काथ्याकूट कशाला?" साहेब म्हणाले. "अहवालात लिही, आधीच्या प्रोग्रॅमरची चूक, दुरुस्त केली. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" बोलून झाल्यावर त्यांचं काकांकडे लक्ष गेलं आणि ते उगाच कागद चाळू लागले.

काका त्या ओळीकडे बघत राहिले. वीस. चार वर्षांपूर्वी पुलाची डागडुजी झाली तेव्हा मिस्त्र्याने पट्टी वीस सेंटिमीटर खाली ठोकली होती. त्यामुळे पाणी असेल त्याहून जास्त दिसायचं. काकांनी हे जेवताना सांगितलं, दुसऱ्या दिवशी तिने वजा वीस केले. ऑफिसची निम्मी कामं त्यांच्या जेवणाच्या टेबलावरच व्हायची, आणि ताटावर बसून कोण लिहून ठेवतो?

मग अकरा महिन्यांपूर्वी काकांनी स्वतः उभं राहून पट्टी जागेवर आणली. संध्याकाळी दवाखान्यात तिला सांगितलं. ती डोळे न उघडता म्हणाली, "लिहून ठेवा हो. घरी आले की बदलते."

"लक्षात राहील की," ते म्हणाले होते.

ती घरी आली नाही. पुढच्या दिवसांत काकांच्या काहीच लक्षात राहिलं नाही.

"साहेब," काका म्हणाले, "चूक तिची नाही. माझी आहे." आणि त्यांनी सगळं सांगितलं, दवाखान्यातलंसुद्धा.

साहेबांनी चष्मा काढला. "काका, हे असं लिहिलंत तर वरपर्यंत जाईल. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय तुमचं. कशाला आ बैल मला मार?"

"जाऊ दे वरपर्यंत. तिच्या नावावर नको."

खोडरबर उठली आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. त्या खुर्चीवर काका कधी बसले नव्हते. दोन बोटांनी, अक्षरं शोधत शोधत त्यांनी लिहिलं:

"वजा वीस काढले. मिस्त्र्याने पट्टी खाली ठोकली होती म्हणून ते घातले होते आणि तेव्हा ते बरोबर होते. नंतर पट्टी मी जागेवर आणली आणि प्रोग्रॅममध्ये बदल करून घेतला नाही. तिने लिहून ठेवायला सांगितले होते."

दुसरी वाचणारी म्हणून खोडरबरने ते वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

"काका, कारण आधीच्या ओळींतच आलंय. शेवटचं वाक्य नसलं तरी चालेल."

"राहू दे."

तिने ते वाक्य तसंच ठेवलं. खाली आपलं नाव घातलं आणि प्रोग्रॅम चालवला. अकराही महिन्यांचे आकडे पाण्याशी जुळले.

काका ते बघायला थांबले नाहीत. पट्टी वाचायची वेळ झाली होती. दारापर्यंत जाऊन ते परत आले, कपाटातून एक कोरी वही काढली, आणि खिशात पेन आहे ना ते चाचपून बाहेर पडले.