आठ बोथट कोयते

कोयत्यांच्या धारा माझ्या नवऱ्यानं घासून घासून काढून टाकल्या होत्या. त्यांनी पिकलेली पपईसुद्धा कापली गेली नसती. तरी शनिवारी भर दुपारी, ग्रंथालयामागच्या मैदानावर आमची तालीम संपत आलेली असताना कुणीतरी पोलिसांना फोन केला, की मेक्सिकन पोरं हत्यारं घेऊन जमली आहेत.

कॅलिफोर्नियातल्या आमच्या या गावात मी एकोणीस वर्षं पोरापोरींना कोयत्यांचा नाच शिकवते. दिवसा पॅकिंगच्या शेडमध्ये लेट्यूसच्या पेट्या भरायच्या आणि संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये पावलं मोजत ओरडायचं, हाच माझा उद्योग. गावाला मी ठाऊक आहे. पोलिसांना नव्हते.

दोघे आले. कोयत्यांची पिशवी नेमकी यारेलीच्या खांद्यावर होती. सतरा वर्षांची पोर, माझ्याकडे सहाव्या वर्षापासून नाचणारी. डोर्सी नावाच्या पोलिसानं तिला गवतावर गुडघे टेकायला लावले, हात मागे पिरगाळले आणि बेड्या घातल्या. दुसरा, कोवळा होता, तो नुसता बघत उभा.

"साहेब, नाच आहे हा, नाच!" मी ओरडले. "धार बघा ना हात लावून!"

"मागे सरका, आजीबाई."

चाळीस मिनिटांनी तिला सोडलं. गुन्हा नाही, नोंद नाही, माफी तर नाहीच. मनगट सुजलं होतं. कोयते घेऊन गेले.

पुढच्या तालमीला चार पोरं आलीच नाहीत.

सोमवारी मी तक्रार द्यायला गेले. खिडकीतली बाई म्हणाली, स्पॅनिशमधला अर्ज खाली मिळतो. खालचा म्हणाला, वर मिळतो. मी तीनदा जिना चढले-उतरले. शेवटी इंग्रजीतलाच घेऊन भरला, तर म्हणे, "मार तुम्हाला लागलाय का? मुलगी अल्पवयीन आहे, पालकांनी सही करायला हवी."

यारेलीच्या आईला, ओबदुलियाला, मी तिच्या स्वयंपाकघरात गाठलं. ती तव्यावर तोर्तिया भाजत होती.

"सही कर गं. एक सही तर आहे."

"कागदावर माझं नाव, माझा पत्ता. तो कागद पुढं कुणाकुणाच्या हातात जाईल, सांगू शकता?"

"पण पोरीचं मनगट…"

"मनगट बरं होईल." तिनं तोर्तिया उलटली. "बाई, तुमच्याकडे या देशात राहायचे कागद आहेत. म्हणून तुम्हाला राग परवडतो."

मी बाहेर पडले. जिन्यावर यारेली बसली होती.

"बाई, तीन आठवड्यांनी मी अठराची होते. मीच करते सही. आईचं नाव कुठंच यायला नको."

तिनं केली. मग सुरू झालं पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या नागरिक समितीचं प्रकरण. सदस्य पाच, बैठक भरायला चौघं तरी हवेत. पहिल्या महिन्यात तिघं आले. दुसऱ्या महिन्यात तिघं. तिसऱ्यात दोघं, आणि त्यातला एक खोली चुकून आलेला. प्रत्येक वेळी मी शेडमधून अर्धी पाळी सोडून जात होते. प्रत्येक वेळी अध्यक्ष मान हलवत म्हणायचे, "आपल्या चिकाटीचं कौतुक वाटतं." माझ्या हातात पर्स होती, ती मी मोठ्या कष्टानं मांडीवरच ठेवली.

चौथ्या महिन्यात चौघं आले. पोलीस खात्याचा माणूस म्हणाला, डोर्सींच्या अंगावरच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती, त्यामुळे चित्रण नाही.

यारेली उभी राहिली. "दोघे होते ना? मग दुसऱ्यांचा कॅमेरा?"

कागद उलटले गेले. अध्यक्षांनी विचारलं, "ते मागवलं होतं का?"

मागवलंच नव्हतं. चार महिन्यांत, एकानंही. मला हसू आलं की रडू, अजून ठरलेलं नाही.

मागवायला आणखी पाच आठवडे लागले. पडद्यावर सगळं दिसलं: गुडघे टेकलेली यारेली, पिरगाळलेले हात, आणि मागे धार बघा धार बघा म्हणून नाचणारी मी. बघताना यारेलीनं माझा हात धरला नाही. सरळ पडद्याकडे बघत राहिली.

डोर्सीला लेखी ताकीद आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण. एवढंच. कोयते परत मिळाले, तेही सात. आठव्याचं काय झालं, कुणालाच माहीत नाही. आणि नगरपालिकेनं तरुणांसाठी निधी मंजूर केला. तो पोलीस खात्यालाच मिळाला, मुलांना बास्केटबॉल शिकवायला. उद्घाटनाला नाच करता का, असं मलाच पत्र आलं. मी ते फाडणार होते.

"थांबा," यारेली म्हणाली. "उत्तर लिहू. हॉलचं भाडं, बूट आणि एक कोयता द्या, मग बघू."

उत्तर अजून आलेलं नाही.

न येणाऱ्या चार पोरांपैकी दोन परत आली. तिसरी परवा बाजारात आईबरोबर दिसली. मी हाक मारली. तिनं ऐकलं, मला नक्की माहीत आहे, आणि ती आईच्या पाठीमागे सरकली. मी टोमॅटो हातात धरून तशीच उभी राहिले. तिच्या घरी जायचं मनात आहे. काय सांगायचं, तेवढं अजून सुचलेलं नाही.