बाटलीवरचा मोजा

माझं काम प्रयोगशाळेतलं. नळीतली पातळी डोळ्यांच्या रेषेत आणून वाचायची, ही सवय अंगात मुरलेली. त्यामुळे रुग्णालयाच्या दूध काढायच्या खोलीतही पंप सुरू झाला की माझी नजर बाटलीवर खिळायची. तळ जेमतेम ओला.

शेजारच्या खुर्चीत माझी धाकटी जाऊ. आम्ही एकाच आठवड्यात बाळंत झालो. तिचा मुलगा भरल्या दिवसांचा. माझी चिमणी मात्र घाई करून आलेली, काचेच्या पेटीत नळीनं दूध घेणारी. तिचा मुलगा छातीशी धरला की मान फिरवून रडायचा, म्हणून तीही दूध काढून पाजत होती. पण तिची बाटली गप्पा मारता मारता भरायची. सासूबाई ती दाराबाहेर नेऊन भेटायला आलेल्यांना दाखवत आणि परतताना माझ्या बाटलीकडे बघून म्हणत, "असू दे, थेंबे थेंबे तळे साचे." त्यापेक्षा टोमणा परवडला असता.

माझं दूध पुरलं नाही तर चिमणीला दूधपेढीतलं, दुसऱ्या आईनं दिलेलं दूध देऊ, असं डॉक्टर म्हणाले होते. ते तपासलेलं, सुरक्षित असतं, हे मला ठाऊक होतं. आपल्या पोरीची भूक भागवणारी ती दुसरी आई माझी जाऊ असू शकेल, हेही ठाऊक होतं. ती स्वतःच म्हणाली, "ताई, संकोच नको. माझं उतू चाललंय."

मी हसले. हात मात्र पंपाचा जोर वाढवायला गेला.

स्तनपानाचं बघणाऱ्या सिस्टरांनी माझ्या बाटलीवर बाळाचा लोकरी मोजा चढवला. पेपर लिहिताना मार्क बघायचे नसतात, म्हणाल्या, आणि बाळाच्या वासानं दूध उतरतं म्हणून चिमणीचं दुपटं नाकाशी धरायला दिलं. मी वास घेतला, आणि डोळे गेले जावेच्या बाटलीवर. सिस्टरांनी जोडीचा दुसरा मोजा तिच्या बाटलीवर चढवला. सासूबाईंचं प्रदर्शन बंद पडलं.

बघण्यासारखं काहीच उरलं नाही, तेव्हा दूध आलं. सिस्टरांनी मोजा काढला. "चिमणीच्या एका वेळेची सोय झाली."

"आणि तिचं किती?" तोंडातून निघालंच.

"तिचं तिच्या लेकाला पुरेल एवढं."

पुढच्या आठवड्यात चिमणी पेटीबाहेर आली. सिस्टरांनी ती माझ्या उघड्या छातीवर ठेवली, मान कशी पेलायची ते दाखवलं. तिनं थोडं हुंगलं, तोंड मोठं उघडलं, धरलं आणि ओढायला लागली. सिस्टरांना दाखवायला आलेली जाऊ समोर पंप लावून बसली होती. तिचा मुलगा अजून मान फिरवतच होता.

"धरते का हो ती?" तिनं विचारलं. तो सूर माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

मी खुर्ची भिंतीकडे वळवली. लगेच नाही, आधी तिला थोडं बघू दिलं.