सातव्या बैठकीची ओळ

मित्रांनो, सुरी म्हटले की तुम्हाला आधी कांदा आठवणार. आठवू द्या. पण मी कांदे चिरणाऱ्यांतली नव्हे. मी बोरू तासणारी सुरी आहे, आणि आता फार जुनी झाले आहे. माझे पाते झिजून झिजून करंगळीएवढे उरले आहे, मुठीचे हाड पिवळे पडले आहे. तरीही कोणी मला भंगार म्हटले की मला राग येतो.

दूर पश्चिमेकडच्या निशापूर शहरात, तिथल्या लोहारआळीत माझा जन्म झाला. ज्याने मला घडवले त्याला एक अक्षर वाचता येत नव्हते, पण लिहिणाऱ्यांसाठी पाते घडवताना तो मशिदीत असल्यासारखा गप्प असे. त्याच्याकडून मला हमशाद नावाच्या नकलनवीसाने नेले. हमशाद सडपातळ, अबोल माणूस. बोरू तो हाडाच्या पट्टीवर धरायचा, मधोमध चीर द्यायचा आणि एका दाबात त्याचे टोक तिरके छाटायचा. टक्क असा स्वच्छ आवाज आला की तो स्वतःशीच मान डोलवी. तेवढीच माझी शाबासकी, आणि मला ती पुरत असे.

माझे दुसरे काम खरवडण्याचे. चुकलेले अक्षर मी टोकाने अलगद काढायचे, मग हमशाद ती जागा कवडीने घोटून गुळगुळीत करायचा. स्वभावाने मी फटकळ असले तरी या कामात माझ्याइतकी हलकी सुरी साऱ्या आळीत नव्हती. पण कागद फार सोशिक नसतो. एका जागी तो एकदाच खरवडून घेतो. दुसऱ्यांदा गेलात तर भोक पडते.

त्या काळी पुस्तक हाती आले म्हणून ते तुमचे झाले, असे नव्हते. ज्याचे ते बोल त्याच्या तोंडून ऐकावे लागत. तो गेला असेल, तर ज्याने त्याच्याकडून ऐकले त्याला गाठावे लागे. म्हणून एखादे म्हातारे शेख, म्हणजे विद्वान गुरू, बोलायला बसले की लोक आपली चार-पाच वर्षांची पोरेसुद्धा उचलून आणत. पुढे ही पोरे म्हातारी होतील तेव्हा ‘मी त्यांच्याच तोंडून ऐकले’ म्हणायला जगात तीच उरतील, हा त्यामागचा विचार. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर हजेरी लिहीत. कोण आले, कोण उशिरा आले, कोण पेंगले, सगळे त्यात असे. खाली शेखांची सही झाली की ते पान पक्के.

नव्वदी ओलांडलेल्या शेख महमिशांनी त्या उन्हाळ्यात आपले आठ भागांचे पुस्तक आठ बैठकांत सांगितले. ते सांगत आणि हमशाद लिहून घेई. हजेरीही त्याच्याकडेच होती. त्याने आपली पाच वर्षांची लेक दुर्दाना बरोबर नेली. सहा बैठका ती पोर ताठ बसली. आमच्याकडे खाऊसारखी खातात ती भाजलेली माती खिशातून काढून कुरतडत होती, पण कान शेखांकडे. सातवी बैठक शेजाऱ्यांशी कसे वागावे याची होती. उकाडा असा की कबुतरेही चोची उघडून बसली होती. पहिलीच गोष्ट सुरू झाली आणि दुर्दाना बापाच्या मांडीवर कलंडली.

हमशादने डावा हात तिच्या डोक्याखाली घातला आणि तो उजव्याने लिहीत राहिला. बोरू बोथट झाला. पण मला उघडायला दुसरा हात मोकळा हवा ना? म्हणून ती सगळी बैठक त्याने जाडजूड, ओबडधोबड अक्षरात लिहिली. मला वापरले नाही म्हणून मी एरवी किती फुरंगटले असते! त्या दुपारी मला मुळीच राग आला नाही.

आठवी बैठक संपल्यावर हमशादने घरी बसून हजेरी लिहिली. त्रेचाळीस नावे झाली. शेवटी त्याने लिहिले, ‘हमशादची मुलगी दुर्दाना, वय पाच. सर्व बैठका ऐकल्या.’ मग समोरची भाकरी तशीच ठेवून तो कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत बसला. सकाळी मशिदीत, शेखांच्या सहीच्या आधी, त्याने मला उघडले आणि ‘सर्व बैठका ऐकल्या’ हे शब्द खरवडून काढले. कवडी फिरवली. त्या जागी दाटीवाटीने लिहिले, ‘सातवी सोडून. त्या बैठकीत ती झोपली होती.’

शेखांनी पान डोळ्यांना चिकटवून वाचले आणि ते हसू लागले.

“काय रे हमशाद, एवढ्या माणसांत तुला पेंगलेली तुझीच सापडली?”

“दुसरं कोणी झोपलं नाही, शेख.”

“झोप तर मलाही येत होती, बाबा. पण बोलत मीच होतो, करतो काय!” असे म्हणून त्यांनी सही ठोकली.

घरी मात्र हसणारे कोणी नव्हते. हमशादची बायको माहक कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

“अहो, पाच वर्षांचं लेकरू ते! उकाड्यात झोपणार नाही तर काय करणार?”

“झोपणारच.”

“मग लिहायचं कशाला?”

“झोपली म्हणून.”

“आणि शेजारचा तो कार्टा! आठही दिवस कबुतरांना खडे मारत होता. त्याचं बरं पूर्ण लिहिलंत!”

“जागा होता ना तो.”

माहकने भाकरी त्याच्यापुढे आपटली आणि चार दिवस अबोला धरला. तरी हमशादने तिला त्या खरवडण्याबद्दल सांगितले नाही. ते त्याला माहीत होते, नि मला.

दुर्दाना वाढली. बापाजवळ बसून लिहायला शिकली आणि तिच्या अक्षराला बापापेक्षा सुरेख वळण आले. पण मैत्रिणी तिला ‘झोपाळू’ म्हणून चिडवत आणि ते तिच्या मनात सलत असे. ती एकोणीस वर्षांची असताना हमशाद गेला. कलमदान, मी आणि ते पुस्तक, एवढे तिच्या वाट्याला आले. बोरू तासता तासता ती एकदा आईला म्हणाली, “सगळ्या गावाने आपापल्या पोरांची नावं पूर्ण लिहून घेतली. माझ्या बाबांना खरं लिहायला मीच बरी सापडले. माझ्याऐवजी मुलगा असता ना, तर पूर्ण लिहिलं असतं त्यांनी.” मित्रांनो, त्या दिवशी मला तोंड असते तर! मी तिच्या मुठीत होते, अगदी तळहाताला लागून, आणि मला एक शब्द बोलता आला नाही.

पुढची चाळीस वर्षे माझी भरभराटीची. दुर्दानाने किती बोरू तासले आणि किती पाने लिहिली याची गणती नाही. रोज सकाळी मला दगडावर लावायची, तेलाचे बोट फिरवायची, मग टक्क, टक्क. जर्दाळूच्या झाडाखाली बसून ती लिही आणि पिकलेली फळे कागदावर पडू नयेत म्हणून वर चादर बांधी. ते दिवस आठवले की अजून माझ्या पात्यावर ऊन पडल्यासारखे वाटते.

मग तिची नजर मंदावली. लिहिणे थांबले आणि मी फळीवर जाऊन पडले. गंज चढला. एके दिवशी तिचा मुलगा बुंदार आला आणि त्याने मला उचलून चक्क खरबूज कापले!

“अरे मेल्या, आजोबांची सुरी ती!” दुर्दाना ओरडली.

“मग? आजोबांना खरबूज आवडत नव्हतं का?”

तिने मला हिसकावून घेतले आणि पदराला पुसले. मी आठवडाभर चिकट होते. असा अपमान मी वैऱ्याचाही इच्छिणार नाही.

त्या हजेरीतली माणसे एकेक करून जात होती. खडे मारणारा तो शेजारी गेला, त्यांच्यातला एक इस्फहानला जाऊन राहिला होता, तोही गेला. तेव्हा दुर्दाना बहात्तर वर्षांची होती आणि शेख महमिशांच्या तोंडून ऐकलेली अशी जगात ती एकटीच उरली होती. लोक लेकरे कडेवर घेऊन तिच्या अंगणात येऊ लागले. तिला ‘बाई’ म्हणू लागले.

अशातच पार पश्चिमेच्या टोकाला असलेल्या कुर्तुब्याहून खलफ आला. दोन वर्षे वाटेत घालवलेला, पायांना भेगा पडलेला, सावळा, उंच माणूस. इस्फहानचा तो म्हातारा जाऊन नऊ दिवस झाल्यावर तो तिथे पोचला होता. तो दारातच उभा राहून म्हणाला, “बाई, आता तुम्हीच. माझ्या गुरूंना मी मरताना शब्द दिलाय, आठही भाग ऐकून येईन. आमच्या अख्ख्या मुलखात हे कोणाकडे नाही.” दुर्दाना तोंड उघडणार तोच बुंदार म्हणाला, “आठही मिळतील. परवा सकाळी या.”

खलफ डोळे पुसत गेला. दुर्दानाने मुलाकडे पाहिले.

“आठही?”

“मग काय सांगू त्याला? दोन वर्षं चालत आलाय तो, आई! एक ओळ तर आहे. खरवडून टाक. तुझ्याइतकं सफाईनं कोणाला जमतं?”

“खाली शेखांची सही आहे.”

“सही राहील की. ओळ जाईल. आणि तू झोपली होतीस हे सांगायला आता जिवंत कोण आहे?”

“मी आहे.”

“तुला कुठे आठवतंय? पाच वर्षांची होतीस. आजोबा चुकलेही असतील.”

तिने मान हलवली आणि धार लावायचा दगड कुठे आहे ते विचारले. मित्रांनो, तुम्ही तिला नावे ठेवू नका. सदुसष्ट वर्षे ती ओळ तिला बोचत होती. आणि या वेळी तर त्या भल्या माणसाचा जन्माचा शब्द टांगणीला लागला होता. शिवाय ती गेल्यावर सातवा भाग जिवंत तोंडून कोणालाच मिळणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला फळीवरून काढले आणि दगडावर लावले. गंज उतरला, धार आली. एवढ्या वर्षांनी काम मिळत होते आणि मला ते नको होते. तिने पुस्तक उघडले, शेवटचे पान काढले आणि सवयीने आधी त्या जागेवरून अंगठा फिरवला.

अंगठा थांबला.

नजर अधू झाली होती, पण बोटे शाबूत होती. खरवडलेला कागद कितीही घोटला तरी नकलनवीसाच्या बोटाला कळतो. तिने पान खिडकीच्या उजेडात धरले. ती जागा साऱ्या पानात पातळ होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. तिने पान डोळ्यांना अगदी चिकटवले. दाटलेल्या ओळीच्या आत, बोरूच्या दाबाने उठलेली जुनी अक्षरे पुसट दिसत होती. बापाचे अक्षर तिने ओळखले. सर्व बैठका ऐकल्या.

“बाबा,” ती म्हणाली, “आधी दिलं होतंत तुम्ही मला. सगळं दिलं होतंत.”

ती लहान मुलीसारखी रडली. मग तिने मला मिटून कलमदानात ठेवले.

तिसऱ्या दिवशी अंगण माणसांनी भरले. एकाने पुस्तक मोठ्याने वाचायचे आणि दुर्दानाने ऐकून मान हलवायची, अशी रीत होती. वाचन दिवसभर चालले. सहा भाग झाले आणि वाचणाऱ्याने सातव्याचे पान उलटले, तेव्हा तिने हात वर केला.

“हा माझ्याकडून घेऊ नका. हा मी ऐकला नाही. पुढचा आठवा वाचा.”

बुंदारने मान खाली घातली. खलफ उठून उभा राहिला.

“बाई, मग सातवा मी कोणाकडून ऐकू?”

“कोणाकडूनच नाही, बाळा. नकलून घे हवा तर, पण ऐकला म्हणू नकोस. तो शेखांबरोबर गेला. माझ्या मुलाने तुला चुकीचं सांगितलं, त्याची माफी मी मागते.”

“पण तुम्ही तर बसला होतात तिथे!”

“बसले होते,” ती म्हणाली आणि हसली. “पण बाबांच्या मांडीवर झोप लागली मला. बहात्तर वर्षांत तशी झोप पुन्हा कधी लागली नाही.”

खलफ खाली बसला आणि वाचणाऱ्याला म्हणाला, “आठवा वाचा.”

संध्याकाळी हजेरी लिहायला त्याने बोरू मागितला आणि तासायला मला मागितले. दुर्दानाने मला स्वतः त्याच्या हातात दिले. त्याच्या प्रतीवर ‘सातवा सोडून’ हे शब्द त्याने ठळक अक्षरात लिहिले.

दुर्दाना पुढच्या हिवाळ्यात गेली. माझे मालक बदलत गेले, आता मी एका कोरड्या पेटीत आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना थोडे तेल लावा, ओलाव्यात टाकू नका, आणि कृपा करून त्यांनी खरबूज कापू नका. दुसरे मागणे त्याहून मोठे आहे. कोणी तुमच्याबद्दल लिहिलेले तुम्हाला लागले, आणि ते पुसायला हात शिवशिवू लागले, तर आधी ते पान उजेडात धरून बघा. लिहिणाऱ्याने तुमच्यासाठी तिथे आधी काय लिहिले होते, ते निदान एकदा वाचा.