उजवीकडचा स्पीकर

मास्तरांनी उजव्या हाताने ऑर्गनचा सूर धरून ठेवला आणि डाव्या हाताने कीबोर्डच्या कडेची दांडी पुढे ढकलली. आवाज आता गरगरायला हवा होता. पूर्वी ऑर्गनसोबत एक लाकडी पेटी असायची, तिच्यात भोंगा खरोखर फिरायचा. कीबोर्डात सगळी त्याची नक्कल, पण चोख. दांडी ढकलली की आवाज डाव्या स्पीकरमधून उजव्यात जायचा, उजव्यातून डाव्यात यायचा, आधी रमतगमत, मग भिंगरीसारखा. आज तो डावीकडे यायचा आणि तिथेच बुडायचा.

"उजवा बंद आहे," मास्तर म्हणाले.

"चालू आहे, दाजी," मेहुणा हॉलच्या दुसऱ्या टोकाहून, मिक्सरमागून म्हणाला. "इथे दोन्ही काटे नाचतायत."

"नाचू देत. मला आवाज पाहिजे."

बायकोचा हा धाकटा भाऊ मास्तरांच्याच शब्दावर वाद्यवृंदात लागला होता. दोन महिन्यांपूर्वी त्याने एक चष्मेवाली वादक आणली. म्हणे, जोडीला असू द्या. मास्तर काही दूधखुळे नव्हते. बावीस वर्षं ते या खुर्चीवर बसत होते आणि जोडीला आलेली माणसं पुढे कुठे बसतात हे त्यांना ठाऊक होतं. दुपारी चारला कार्यक्रम होता. पहिलंच गाणं ऑर्गनचं. ते फसलं की यांचं काम फत्ते.

"मला तर दोन्हीकडून ऐकू येतंय, सर," चष्मेवाली हळूच म्हणाली.

"येणारच तुला!"

मेहुण्याने येऊन वायर बदलली, मग स्पीकरच बदलला. उजवीकडे सामसूम ती सामसूमच. प्रत्येक वेळी तो "आता?" असं विचारायचा, तेही इतक्या मऊ आवाजात की मास्तरांचा संशय आणखी बळावला. एरवी हा माणूस एका वायरीसाठी घर डोक्यावर घेतो.

"तुम्ही दोघं मिळून काय शिजवताय ते सरळ सांगून टाका."

"शिजवायचंय काय त्यात, दाजी?"

"मला शेंडी लावू नकोस. जा, मिक्सरपाशी उभा राहा. आणि तू इथे बस. सूर धरून ठेव, दांडी हळूवरच."

चष्मेवाली बसली. मास्तर उजव्या स्पीकरपाशी गेले, वाकले आणि उजवा कान थेट जाळीला लावला. काही नाही. आता चोर रंगेहाथ सापडणार, म्हणून त्यांनी झटकन मान वळवून मिक्सरकडे पाहिलं. त्याच क्षणी ऑर्गनचा आवाज कानावर असा आदळला की ते दचकलेच.

केलं ना चालू! पण मेहुण्याचे दोन्ही हात पँटच्या खिशात होते.

मास्तरांनी पुन्हा उजवा कान लावला. शांतता. डावा लावला. आवाज भरभरून येत होता, लांब जात होता, परत येत होता. पुन्हा उजवा. त्यांनी तळहात जाळीवर ठेवला. जाळी थरथरत होती.

ते बराच वेळ तसेच वाकून राहिले. त्यांना भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज. सकाळपासून तोंडाला येईल ते बोलून झालं होतं. चष्मेवालीने सूर सोडला नव्हता, पण ती आता त्यांच्याकडे पाहत होती.

मास्तर सरळ झाले. घसा खाकरला.

"लागला," ते मोठ्याने म्हणाले. "उजवा लागला."

हॉलच्या टोकाहून मेहुण्याने एकदा स्पीकरकडे, एकदा मास्तरांकडे पाहिलं. खिशातले हात त्याने बाहेर काढले नाहीत.

"हो, दाजी," तो म्हणाला. "वायर सैल होती."

सकाळपासून तो पहिल्यांदाच खोटं बोलला होता. मास्तरांनी त्यावर लगेच विश्वास ठेवला.