सतराव्या गाठीवरची टाचणी

मी शिंप्याच्या घरातला पृथ्वीगोल बोलतोय. कलता आहे म्हणून हसू नका, जन्मतःच तसा आहे. मला आणलं ते शिंप्याच्या मुलाच्या अभ्यासासाठी. पोरानं इतकं गरगर फिरवलं की दोन-चार देश पुसूनच गेले. पुढे तो खरोखरच माझ्या पलीकडच्या बाजूला नोकरीला गेला आणि मी शिलाई मशीनशेजारी धूळ खात पडलो. माझ्या पुठ्ठ्याच्या अंगात शिंपी खुशाल टाचण्या खुपसून ठेवायचा.

मग त्याची बायको अंथरुणाला खिळली. डॉक्टर म्हणाले, "मुलाला बोलावून घ्या." मुलाचा फोन आला, "निघालोच बाबा. विमानाला अठरा तास लागतील. आईला म्हणावं, थांब."

अठरा तास म्हणजे किती लांब, हे तिला दाखवायचं कसं? शिंपीच तो! लाल दोऱ्याला अठरा गाठी मारल्या, त्या विमानतळापासून आपल्या विमानतळापर्यंत माझ्या पोटावरून दोरा ताणला आणि मला तिच्या उशाशी ठेवलं. तास झाला की टाचणी एक गाठ पुढे.

"अहो, कुठवर आला?"

"डोंगर ओलांडले बघ."

"जेवला असेल ना?"

"विमानात देतात गं जेवण. तू पड."

टाचणी भर समुद्रावर, अकराव्या गाठीला होती तेव्हा तिला धाप लागली. नजर दाराकडे. शिंप्याच्यानं बघवेना. त्यानं टाचणी उपसली आणि थेट शेवटच्या गाठीत खुपसली. "उतरला गं! टॅक्सीत बसलासुद्धा!"

तिचा चेहरा उजळला. "सुखरूप उतरला ना? मग झालं," म्हणाली आणि डोळे मिटले, ते कायमचेच. तो उतरल्याचं कळेपर्यंतच तिनं जीव धरून ठेवला होता. पोरगा अजून आभाळातच होता.

तो पोहोचला तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. सगळं उरकून परत गेला. बापानं त्याला टाचणीचं सांगितलं नाही. ते बापाला आतून खातंय.

आता रोज दुपारी मशीन मध्येच थांबतं. रिकाम्या खाटेवरून आवाज येतो, "अहो, कुठवर आला?" मला कान नाहीत, पण शपथेवर सांगतो, मीही ऐकतो. शिंपी उठतो, टाचणी गाठीगाठीनं सरकवत सतराव्या गाठीवर आणतो आणि थांबतो. "आलाच गं," म्हणतो. मग खाट करकरते, ती कूस बदलायची तेव्हा करकरायची तशी.

काल मुलाचा फोन आला. "बाबा, तुम्हाला न्यायला येतोय. तिकीट काढू ना?"

शिंप्यानं खाटेकडे बघितलं, तोंडावर हात आडवा धरला आणि कुजबुजला, "इतक्यात नको रे. तू उतरलास की ती जाईल."

पोरा, त्याचं ऐकू नकोस. लवकर ये, आणि ही टाचणी तुझ्या हातानं शेवटच्या गाठीत लाव. त्याच्यानं ते आता व्हायचं नाही.