राबलेला गळा

“गाऊ नका,” गाण्याच्या बाई म्हणाल्या. “काल दिवसभर काय काय केलंत ते सांगा.”

टेलरताई गोंधळल्या. त्या आल्या होत्या गाणं शिकायला. गायनवृंदाच्या मास्तरांनी त्यांना सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की तुमचा आवाज सगळ्यांच्या वर जातो, कार्यक्रमात नुसते ओठ हलवलेत तरी चालेल. तो अपमान गिळून त्या घड्याळजीच्या दुकानावरच्या या खोलीचा जिना चढल्या होत्या.

तरी त्यांनी सांगितलं. दोन शर्ट बेतले, एका कोटाचं अस्तर उसवलं. मग बाईंनी त्यांना वर्तमानपत्रातली बातमी वाचायला लावली, शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारायला लावली. स्वतः सत्तरी ओलांडलेल्या, काटकुळ्या बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मधूनच उघडून ताईंचे खांदे बघत होत्या. दर वाक्याआधी ते खांदे वर चढत, हनुवटी पुढे येई, आणि शब्दाचा शेवट खिळा ठोकावा तसा ठोकला जाई.

“घरात कुणाला कमी ऐकू येतं?” बाईंनी विचारलं.

ताईंनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

“आईला,” त्या म्हणाल्या. “अठरा वर्षं माझ्याकडे होती. आता नाही.”

बाई म्हणाल्या, “गळा बिघडलेला नाही तुमचा. राबलाय.”

इतर शिष्यांना त्या वरच्या पट्टीतले, जोराचे पलटे देत. ताईंना ते साफ बंद केले. रोज सकाळी दहा मिनिटं तोंड मिटून गुणगुणायचं, पेल्यातल्या पाण्यात नळीने बुडबुडे काढत एकच सूर धरायचा, आणि समोर हातभर अंतरावर कुणी बसलंय असं समजून एक ओळ म्हणायची. बस.

पहिले काही आठवडे ताईंना स्वतःचाच आवाज परका वाटला. बारीक, कापरा. एकदा त्यांनी बाईंना सांगून टाकलं, की हळू गाताना आईकडे पाठ फिरवल्यासारखं वाटतं. बाईंनी समजूत घातली नाही. शिकवणी तिथेच थांबवली, चहा ठेवला आणि दोघी खिडकीशी बसून राहिल्या. पुढच्या आठवड्यात ताई वेळेच्या आधी हजर होत्या.

चौथ्या महिन्यात कार्यक्रम झाला. ताई मागच्या रांगेत उभ्या राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत गायल्या. पडदा पडल्यावर मास्तर जवळ आले आणि चाचरत म्हणाले, “आज गायलात ना तुम्ही?”

“सगळं गायले.”

मास्तरांनी मान खाली घातली. पुढच्या वेळी पुढच्या रांगेत या, एवढंच म्हणाले.

ताई घरी आल्या तेव्हा नवरा भांडी विसळत होता. दाराशीच चपला काढता काढता त्या काहीतरी बोलल्या. त्याने नळ बंद केला.

“काय म्हणालीस?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कधी विचारावा लागला नव्हता. ताईंनी आवाज चढवला नाही. तो ओले हात तसेच घेऊन जवळ आला, अगदी समोर उभा राहिला.

“आईला जाऊन आज वर्ष झालं,” त्या म्हणाल्या.