एक पॉइंट दोन

“सेल काढू नको बरं. सेटिंग जाईल,” सदाशिव म्हणाला.

“नाही काढत, पप्पा. चार तारा जोडल्या की झालं.” धनश्रीनं शेवटच्या तारेला डाग दिला आणि फुंकर मारली.

आमलीतल्या दोन खोल्यांमागे पत्रा टाकून केलेल्या पडवीत बापलेक सकाळपासून बसले होते. टेबलावर सदाशिवचं स्वतःचं, काडेपेटीहून थोडं मोठं अँगल गेज उघडं पडलं होतं. बुडाला चुंबक, अंगावर नखाएवढे आकडे. वाकवलेल्या पत्र्याला चिकटवलं की कोन किती झाला ते सांगायचं. त्यातून तेच आकडे तारेनं काढून भिंतीवर वीतभर उंचीचे लाल आकडे दाखवायचे, एवढंच काम. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या पोरीला त्यात काही विशेष नव्हतं. बापाचं मात्र सगळं त्यावर अडलं होतं.

खडोलीच्या कारखान्यात सदाशिव बाविस्करनं एकोणीस वर्षं बेंडिंग मशीन चालवलं. पत्रा त्याच्या हातून नव्वदचा नव्वद निघे. गेल्या महिन्यात एक अख्खा लॉट परत आला. प्रत्येक पत्रा एका अंशाहून थोडा जास्त उघडा. सुपरवायझरनं विचारलं, तेव्हा त्याला नाना म्हणणारा त्याचा हेल्पर जयवंत पुढं झाला आणि खाली मान घालून म्हणाला, “नानांना आता आकडे दिसत नाही, साहेब. मी कितीदा पाहिलं.” झालं. सदाशिव पॅकिंगला गेला आणि मशीनवर जयवंत उभा राहिला.

सदाशिवनं कुणाला बोल लावला नाही. जयवंत चोपड्याकडचा, सदाशिवच्या शेजारच्याच गावचा. दहा वर्षांपूर्वी एका पिशवीनिशी आला आणि सहा महिने याच घरात जेवला. सदाशिवच्या बायकोकडून, शोभाकडून, गावाकडची कळण्याची भाकरी हक्कानं मागून घ्यायचा. असा माणूस खोटं कशाला बोलेल? मोतीबिंदू तर होताच, तेव्हा डोळ्यांनीच दगा दिला असणार, असं सदाशिवनं स्वतःला पटवलं होतं. आता मोठे आकडे घेऊन साहेबांपुढं जायचं आणि म्हणायचं, बघा, दिसतं. माझं मशीन मला द्या.

“लागलं, पप्पा.”

भिंतीवर ०.० उमटलं. सदाशिवनं चष्मा काढून पाहिलं. तरी दिसलं. त्याला पोरीची पाठ थोपटावीशी वाटली, पण ती गेजवर वाकून कपाळाला आठ्या घालत होती.

“इथं एक पॉइंट दोन दाखवतंय. माझाच प्रोग्रॅम चुकला वाटतं.”

सदाशिवनं टेबलावर लेव्हल ठेवली. पाण्यातला बुडबुडा बरोबर मधोमध थांबला. टेबल सपाट होतं. म्हणजे भिंत खरं बोलत होती आणि गेज खोटं.

धनश्री अर्धा तास लॅपटॉपशी झटली. मग हळूच म्हणाली, “तारेतून खरा कोन येतो, पप्पा. शून्याचं बटन दाबलं की फक्त वरचा आकडा बदलतो. कुणीतरी हे तिरकं ठेवून शून्य दाबलंय. बंद केलं तरी ते शेवटचं शून्य विसरत नाही.”

“मी रोज सकाळी एकदाच दाबतो. मशीनचा बेड पुसून.” लॉटच्या दिवशीही दाबलं होतं. त्या दिवसानंतर गेज पेटीबाहेर आलंच नव्हतं.

तो उठला. डब्यातून पत्र्याचा एक तुकडा काढला, त्या लॉटच्याच जाडीचा, आणि गेजच्या एका कडेखाली सरकवला. भिंतीवर १.२ आलं.

“इथं शून्य,” धनश्रीनं गेजवर वाचलं.

सदाशिवला आठवलं. जयवंतला त्यानं दिलेला हा पहिला धडा होता. “पाह्य, खाली एवढासा पत्रा राहिला आणि शून्य दाबलं, तर दिवसभर ही डबी खोटं बोलते. आपल्याला पत्ता नाही लागत. म्हणून आधी फडकं.” दुसऱ्या कुणाला हे त्यानं कधी दाखवलं नव्हतं. आणि त्या दिवशी चहानंतर जयवंत आला होता, “नाना, गेज दोन मिनिट द्या ने.” गुरूची विद्या गुरूला. लॉट गेल्याचं, मशीन गेल्याचं दुःख त्यानं पचवलं होतं. पण महिनाभर आपण आपल्याच डोळ्यांना शिव्या घातल्या, हे त्याला आता सहन होईना.

“उद्या हे असंच साहेबांना दाखवा. बटनाला हात लावू नका,” धनश्री म्हणाली.

“आधी त्याला विचारतो.”

रविवार होता. फोन केला तसा जयवंत चारला आला. शोभानं चहा आणून ठेवला. सदाशिवनं गेज टेबलावर मांडलं. “वाच.”

जयवंतनं भिंत वाचली, मग गेज वाचलं. “जुनं झालं, नाना. होतं असं.”

सदाशिवनं पत्र्याचा तुकडा त्याच्यापुढं सरकवला. चहावर साय धरली.

“तुमचे रिटायरला दोन वर्षं राहिले,” शेवटी जयवंत म्हणाला. “मी दहा वर्षापासून हेल्पर. मशीन खाली झाल्याशिवाय मला कोण उभं करणार होतं?”

“मागितलं असतं मला.”

“दिलं असतं?”

दिलं असतं की नाही, हे सदाशिवचं सदाशिवलाच ठाऊक नव्हतं.

जयवंतनं खुंटीवरचं फडकं घेतलं. टेबल पुसलं, आधी कडा, मग मधला भाग. गेजचं बूडही पुसलं. ते अलगद खाली ठेवलं आणि शून्याचं बटन दाबलं.

“आता बराबर झालं, नाना,” तो म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

“अरे, चहा तसाच राहिला,” शोभा आतून म्हणाली.

धनश्री आतून धावत आली. गेजवर ०.०, भिंतीवर ०.०. साहेबांना दाखवायला आता काही उरलं नव्हतं. तिला रडू आलं. “हात का नाही धरला त्याचा?”

“फडकं कसं मारतो ते बघत राहिलो,” सदाशिव म्हणाला. “बरोबर मारलं त्यानं.”

त्याचा चष्मा टेबलावरच पडला होता. त्यानं भिंतीवरचे आकडे बिनचष्म्यानंच वाचले.

“दिसत होतं गं मला, धनू,” तो म्हणाला. “त्या दिवशी पण दिसत होतं.”